लहरींना दिशा देणारा हर्ट्झ

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 22 फेब्रुवारी 1857 रोजी हाइनरिख हर्ट्झचा जन्म झाला. लहानपणी त्याला पुस्तकांइतकीच सुतारकामाची हत्यारेही प्रिय होती. हाताच्या ह्या कसबाचा त्याला पुढे फार उपयोग झाला.

प्रकाश ही विजेची व चुंबकत्वाची लहर आहे, असे मॅक्सवेल ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे मांडले होते. तथापि प्रयोगाचा पुरावा कोणापाशीच नव्हता. 1879 मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीने ह्या विषयाशी निगडित असलेल्या एका प्रश्नासाठी पारितोषिक जाहीर केले. गुरू हेल्महोल्ट्झ ह्यांनी तो प्रश्न हर्ट्झपुढे ठेवला. हर्ट्झने हिशेब केला. हाती असलेल्या साधनांनी काही दिसणार नाही असे आढळल्यामुळे त्याने तो विचार बाजूस ठेवला. पण प्रश्न मनातून गेला नाही.

पुढे तो कार्ल्सरूए येथे प्राध्यापक झाला. 1886 मध्ये एके दिवशी तारेच्या एका वेटोळ्यात ठिणगी पडताच जवळच्या वेटोळ्यातही ठिणगी उमटलेली त्याला दिसली. हवे होते ते साधन सापडले!

आता दोन दांड्यांमधील फटीत ठिणगी पाडून तो लहरी निर्माण करू लागला आणि दूरच्या तारेतील इवली ठिणगी काळोखात शोधू लागला. 1888 मध्ये त्याने जस्ताचा दोन मीटर उंचीचा पत्रा वाकवून आरसा बनविला. त्यामुळे लहरी एकाच दिशेने जाऊ लागल्या. समोर तसाच दुसरा आरसा ठेवला असता सोळा मीटर अंतरावरही ठिणगी दिसे. आरसा वळविला की ती नाहीशी होई. लाकडी दारातून लहरी पार जात; धातूचा पत्रा त्यांना अडवी. डांबराच्या प्रचंड लोलकातून जाताना त्या वळत. सुमारे 66 सेंटिमीटर लांबीच्या ह्या लहरींचे वर्तन प्रकाशासारखेच होते. मॅक्सवेलचे म्हणणे खरे ठरले.

1889 मध्ये हर्ट्झ बॉन येथे गेला. तेथे त्याला असाध्य आजाराने गाठले. वेदना सोशीत त्याने यंत्रशास्त्रावरील आपला ग्रंथ पुरा केला आणि 1 जानेवारी 1894 रोजी, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. आपल्या लहरींचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे त्याला वाटले नव्हते. पण त्यांच्यावरच पुढे रेडिओ उभा राहिला.

हर्ट्झच्या दांड्या म्हणजे पहिला अँटेना होय. अँटेनाचा आकार लहरीच्या लांबीला जुळावा लागतो आणि दिसणाऱ्या प्रकाशाची लहर तर अवघी 400 ते 700 नॅनोमीटर लांब असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! तरीही 2010 मध्ये जपानमधील हिरोशिमा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी सोन्याच्या पाच अतिसूक्ष्म कांड्या ओळीने मांडून प्रकाश एका ठराविक दिशेस वळविला. विजेच्या लहरी प्रकाशासारख्या वागतात, हे हर्ट्झने दाखविले होते. आता प्रकाशासाठीही अँटेना तयार झाला.

लहरी एका सेकंदात किती वेळा कंप पावतात, हे मोजण्याच्या एककाला आज जगभर हर्ट्झ असेच म्हणतात.