शिंगरांचा शिक्षक झेनोफन

आपल्या मराठी भाषेत नवे घोडे शिकवून तयार करणाऱ्या माणसाला ‘चाबुकस्वार’ म्हणतात. शब्दातच चाबूक असल्यामुळे, घोडा शिकवायचा म्हणजे प्रथम त्याला धाक बसवायचा, अशी पुष्कळांची समजूत होते. ही समजूत खरी नव्हे, असे सुमारे २,४०० वर्षांपूर्वी एका लढवय्याने लिहून ठेवले आहे. ग्रीस देशातील अथेन्स नगरीचा हा नागरिक म्हणजे झेनोफन. सॉक्रेटिसाचा शिष्य आणि इतिहासकार म्हणून त्याचे नाव आमच्या वाचकांच्या कानावर आले असेल. आज आम्ही त्याचा परिचय करून देणार आहोत तो मात्र निराळ्या नात्याने, म्हणजे शिंगरांचा शिक्षक या नात्याने.

झेनोफनाचा जन्म इ. स. पूर्व ४३० च्या सुमारास झाला. त्याचे घराणे अथेन्सच्या राज्यातील एर्खिया या गावचे. पित्याचे नाव ग्रिलस. घर सधन होते, आणि सधन घरातील तरुणाने घोडा बाळगून घोडदळात चाकरी करावी, असा तेथील परिपाठ होता. त्या काळच्या ग्रीक स्वाराला रिकीब ठाऊक नव्हती. लाकडी सांगाड्याचे खोगीर नव्हते आणि घोड्याच्या खुरांना ठोकलेले नालही नव्हते. उघड्या पाठीवर, फार तर एखादे वस्त्र टाकून, केवळ मांडीच्या बळावर बसायचे आणि भाला चालवायचा! असा घोडा ऐन लढाईत बुजला म्हणजे स्वाराच्या प्राणांशीच गाठ पडे. घोड्याला निर्भय कसे करावे, हा प्रश्न झेनोफनाच्या पुढे उभा राहिला तो असा.

तरुणपणी तो सॉक्रेटिसाच्या सहवासात आला. इ. स. पूर्व ४०१ मध्ये त्याला प्रॉक्सेनस नावाच्या मित्राचे बोलावणे आले. इराणचा राजपुत्र धाकटा सायरस सैन्य जमवीत होता आणि त्याच्या पदरी राहिल्यास भाग्य उघडेल, अशी मित्राची खात्री होती. सॉक्रेटिसाने शिष्याला डेल्फीच्या देवाचा कौल घेण्यास सांगितले. झेनोफनाने तेथे जाऊन, या प्रवासाला जावे की न जावे, हे विचारलेच नाही. कोणत्या देवांस बळी अर्पण केल्याने प्रवास सुखरूप होईल, एवढेच विचारले. गुरूने त्याची कानउघाडणी केली. पण देवाने सांगितले तसे करून निघण्यास अनुज्ञाही दिली.

सायरसाचा डोळा थोरल्या भावाच्या, म्हणजे सम्राट आर्टाझर्क्सिसच्या सिंहासनावर होता. बाबिलोनजवळ कुनाक्सा येथे दोघा भावांची गाठ पडली आणि सायरस रणांगणावर मारला गेला. त्याच्या चाकरीतील दहा हजारांवर ग्रीक सैनिक परक्या देशात अडकले. काही आठवड्यांनी इराण्यांनी त्यांच्या सेनापतींना बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून कैद केले व ठार मारले. त्या रात्री सैन्यातील बहुतेकांना अन्न गोड लागले नाही की झोप आली नाही. झेनोफन तोपर्यंत ना सेनापती होता, ना साधा शिपाई. तो मित्राचा सोबती म्हणून आला होता. परंतु त्यानेच उठून उरलेल्या नायकांना धीर दिला. सकाळी निवडलेल्या नव्या सेनापतींत त्याचे नाव होते.

परतीच्या वाटेवर इराणी घोडेस्वार ग्रीकांच्या पिछाडीवर बाण सोडीत आणि पाठलाग होताच निसटून जात. ग्रीकांपाशी घोडदळ उरले नव्हते. तेव्हा झेनोफनाच्या सूचनेवरून सामान वाहणारे घोडे निवडून काढण्यात आले व ५० स्वारांचे पथक उभे राहिले. ओझ्याच्या घोड्यांनाही उमेद देऊन लढाईस उभे करता येते, हे त्या सैन्याने पाहिले.

पुढे आर्मेनियाच्या पठारावर हिवाळ्याने गाठले. बर्फात माणसे आणि जनावरे मरून पडू लागली. शेवटी सैन्य एका खेड्यात पोहोचले. तेथे इराणच्या सम्राटाला खंडणीदाखल पाठविण्यासाठी शिंगरे वाढविलेली होती. झेनोफनाने त्यांतील एक स्वतः घेतले आणि इतर नायकांनाही एकेक दिले. स्वतःचा थकलेला म्हातारा घोडा वाटेत मरेल या भीतीने त्याने तो गावच्या पाटलाच्या स्वाधीन केला. त्या पाटलाने पाहुण्यांना एक युक्ती शिकविली : बर्फातून जाताना घोड्यांच्या पायांना लहान पिशव्या बांधाव्या, म्हणजे ती पोटापर्यंत रुतत नाहीत. झेनोफनाने ही गोष्ट आपल्या प्रवासवृत्तांतात आवर्जून नोंदविली आहे.

इ. स. पूर्व ४०० मध्ये एके दिवशी डोंगरमाथ्यावर आघाडीच्या लोकांचा गलका ऐकू आला. शत्रू आला असे समजून झेनोफन घोड्यावर उडी टाकून मदतीस धावला. पाहतो तो समोर काळा समुद्र पसरलेला, आणि शिपाई रडत एकमेकांच्या गळ्यात पडलेले! समुद्र दिसला, म्हणजे घरची वाट सापडली.

या प्रवासातील एक प्रसंग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर सैनिकांच्या सभेत झेनोफनावर आरोप आला की, त्याने शिपायांना मारले. त्याने ते नाकारले नाही. बर्फात बसकण मारणारा माणूस गोठून मरतो. म्हणून काहींना आपण बळाने उठविले आणि प्रसंगी मारलेही, असे त्याने सांगितले. सैनिकांनी उठून त्याच्या बाजूने साक्षी दिल्या. मार खाणाऱ्यांना त्यामागचे कारण पुढे का होईना, कळले होते.

मोहीम संपली तेव्हा तो इतका कफल्लक झाला होता की, इ. स. पूर्व ३९९ मध्ये लॅम्पसेकस येथे त्याला आपला आवडता घोडा ५० सुवर्णनाण्यांस विकावा लागला. त्याचा त्या घोड्यावर जीव आहे, हे ऐकून दोघा स्नेह्यांनी तो सोडवून परत आणून दिला आणि किंमत घेण्यास नकार दिला. त्याच वर्षी तिकडे अथेन्समध्ये सॉक्रेटिसाला विषाचा प्याला घ्यावा लागला. झेनोफन पुढे स्पार्टाच्या बाजूने लढला. जन्मभूमीने त्याला हद्दपार केले. स्पार्टाने त्याला ऑलिंपियाजवळ स्किलस येथे जमीन दिली. तेथे शिकार, घोडे आणि लेखन यांत त्याची बरीच वर्षे गेली.

उतारवयात त्याने आपल्या तरुण मित्रांसाठी अश्वविद्येवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात शिंगराच्या शिक्षणाचा आरंभ लगामापासून नव्हे, घरच्या मोतद्दारापासून होतो. मूल जसे एखाद्या कसबी माणसाकडे धंदा शिकण्यास ठेवतात, तसे शिंगरू शिक्षकाकडे द्यावे आणि काय काय शिकवायचे ते लेखी ठरवून घ्यावे, असे तो सांगतो. पण त्यापूर्वी घरीच ते माणसाळलेले असले पाहिजे. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास ही त्याला एकटे असताना जाणवावी. चारा, पाणी आणि सुटका ही माणसाच्या हातून मिळावी. मग शिंगरू माणसाची वाट पाहू लागते. जेथे दाट केस आहेत आणि जेथे त्याचे तोंड पोहोचत नाही, तेथे त्याला कुरवाळावे. मोतद्दाराने त्याला गर्दीतून न्यावे, नाना तऱ्हेच्या वस्तू दाखवाव्या, आवाज ऐकवावे. ते बुजले तर त्या वस्तूला स्वतः हात लावून, त्यात भिण्याजोगे काही नाही, हे शांतपणे पटवावे. बुजल्यावर चाबूक मारला, तर ती वेदना त्या वस्तूपासूनच झाली असे घोड्याला वाटते आणि त्याची भीती दुप्पट होते. रागाच्या भरात घोड्यापाशी कधीही जाऊ नये, हा त्याचा मुख्य दंडक आहे.

येथे वाचक सहज विचारील की, बर्फात माणसांवर हात उगारणारा हा सेनापती शिंगराच्या बाबतीत इतका मवाळ कसा? याचे उत्तर त्याच पुस्तकात आहे. माणसाला माणूस शब्दांनी शिकवू शकतो. घोड्याला शब्दांनी समजावता येत नाही. शिक्षा का झाली, हे त्याला मागाहून कोण सांगणार? म्हणून त्याने योग्य ते करताच त्याला विसावा व आराम द्यावा, म्हणजे तो आपोआप शिकतो. झेनोफन चाबूक आणि टाच सर्वस्वी वर्ज्य मानीत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. कठीण लगामाचा उपयोगही त्याने सांगितला आहे. परंतु बळजबरीने करवून घेतलेल्या कृतीत समज नसते आणि म्हणून शोभाही नसते, हे त्याने निःसंदिग्ध शब्दांत मांडले.

इ. स. पूर्व ३७१ मध्ये ल्युक्ट्रा येथे स्पार्टाचा पराभव झाला आणि स्किलसची जमीन गेली. पुढे अथेन्स व स्पार्टा यांचे सख्य झाल्यावर झेनोफनाचे दोन्ही पुत्र अथेन्सच्या घोडदळात दाखल झाले. इ. स. पूर्व ३६२ मध्ये मँटिनिया येथे थोरला पुत्र ग्रिलस घोड्यावरून लढताना पडला. वार्ता आली तेव्हा पिता देवपूजेत होता. त्याने मस्तकावरची माळ उतरविली, आणि पुत्र शौर्याने लढून गेला असे कळताच ती पुन्हा धारण केली, अशी आख्यायिका आहे. इ. स. पूर्व ३५४ च्या सुमारास झेनोफनानेही देह ठेवला.

त्याचे ते छोटे पुस्तक मात्र टिकले. नव्या वस्तूंची हळूहळू ओळख करून देणे आणि योग्य कृतीला तत्काळ विसावा देणे, या दोन गोष्टी आजही शिंगरांच्या शिक्षणात प्रमाण मानल्या जातात. ज्याने स्वतः भयाण रात्री काढल्या आणि भ्यालेल्या हजारो माणसांना घराच्या वाटेला लावले, त्याने मुक्या जनावराचे भय ओळखावे, यात नवल नाही. आमच्या विद्यार्थिमित्रांनी त्याच्यापासून एवढे तरी घ्यावे : आपल्या हाती सोपविलेला जीव, मग तो गोठ्यातील वासरू असो की घरातील धाकटे भावंड, बिचकला तर आधी त्याच्या भीतीचे कारण शोधावे. हात उगारणे सोपे असते. विश्वास मिळविण्यास दिवस लागतात, परंतु संकटकाळी उपयोगी पडतो तो विश्वासच.