घामाचं माप कोणी घ्यायचं?

आमच्या प्रॉडक्शनवाल्यांच्या वर्क स्टडी या विषयात 'रेटिंग' नावाचा एक प्रकार असतो. कामगाराला काम करताना पाहायचं आणि तो किती जोर लावतोय याला आकडा द्यायचा. नॉर्मल वेग म्हणजे १००. सगळ्यांचा अंदाज सारखा यावा म्हणून बावन्न पत्ते अर्ध्या मिनिटात वाटणं, असली उदाहरणं नमुना म्हणून दाखवतात. तरी एकाच कामगाराला दोन निरीक्षक दोन आकडे देतात! हे शिकताना मला रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे आठवतात.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचंच. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवीतल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल रोज जवळून पाहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनी चालवलं.

तेव्हा गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची आणि सूर्यास्ताला थांबायची. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. मालकांचं म्हणणं असं, की इथला कामगार सारखा विडी ओढायला, पाणी प्यायला बाहेर जातो, म्हणजे त्याला फारसे श्रम पडतच नाहीत. लोखंडे तोच कामगार बघत होते, पण त्यांना दिसत होता तो दमलेला माणूस. मग खरं कोणाचं मानायचं?

लोखंड्यांनी कामगारालाच बोलायला लावलं. सप्टेंबर १८८४ मध्ये सभा घेऊन सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्याला मदत, या त्यातल्या मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन बायका उभं राहून बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या सरकारी कमिशनमध्ये मुंबईच्या कामगारांच्या वतीने लोखंडे बसले. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता ९ फेब्रुवारीला ते स्वतःच प्लेगने गेले.

पुढे विसाव्या शतकात स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायला ६ ते २० अंकांची पट्टी तयार केली. त्यात आकडा काम करणारा स्वतः सांगतो. लोखंड्यांकडे अशी पट्टी नव्हती, पण काम करणाऱ्याला विचारायचं, हे त्यांना केव्हाच उमगलं होतं.

आपलं सोलापूर म्हणजे १८७७ ला सुरू झालेल्या जुन्या मिलचं गाव, चादरी-टॉवेलचं गाव. यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी गेलात तर कामगार नुसता उभा आहे असंच वाटेल. पण त्याची नजर धाग्यावर असते. धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची, धोट्यातली कांडी संपली की बदलायची, आणि हे सगळं कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, पाळी संपेपर्यंत उभ्यानं. दारातून बघणारा याला किती रेटिंग देईल?

उद्या आपल्यातलेच काहीजण हातात स्टॉपवॉच घेऊन शॉपफ्लोअरवर उभे राहतील. आपण लिहिलेल्या आकड्यावर कोणाची तरी मजुरी आणि विश्रांतीची मिनिटं ठरतील. तेव्हा आपल्या शेजारच्या निरीक्षकाचा आकडा बघा, फरक पडला तर पुन्हा मोजा. आणि आकडा लिहिण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, "दादा, किती दमलात?"