आंरी म्वासाँ आणि विजेची भट्टी

आमच्या डिचोली-पेडणे भागातील मुलांना विस्तवाची ओळख करून द्यावी लागत नाही. शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात, हे त्यांनी पाहिलेले असते. डिचोलीच्या कुंभारांची भट्टी त्यांच्या परिचयाची असते, आणि आमोण्याला खनिजाचे लोखंड करणारी मोठी भट्टी आहे हेही ती ऐकून असतात. परंतु जिच्यात लाकूड नाही, कोळसा नाही आणि धूरही नाही, अशी विजेची भट्टी आम्ही काही विद्यार्थ्यांसह एका कारागिराकडे पाहावयास गेलो, तेव्हा ती नेमकी बंद पडलेली होती. तिची कॉइल जळून तुटली होती.

कारागिराने मुख्य बटण बंद करून, वीज खरोखरच गेल्याची खात्री करून घेतली. भट्टी पूर्ण थंड झालेली होती. विटांच्या खाचेतील जुनी तार तो काढू लागला, तेव्हा पापडासारखे तिचे तुकडे पडू लागले. खाचेत वितळून चिकटलेली झिलई त्याने खरडून काढली, कारण ती राहिली तर नव्या तारेला खाऊन टाकते. मग तेवढ्याच जाडीची व तेवढ्याच विद्युत्-रोधाची नवी कॉइल सारखी ताणून त्याने बसविली. वेटोळी एके ठिकाणी दाटली तर तेथे तार अधिक तापते आणि तेथेच तुटते. शेवटी टोके घट्ट आवळून त्याने भट्टी रिकामीच, सावकाश तापविली. भट्टीत ठेवलेले सर्व भाजते आणि तार तेवढी तगते, ती कशी, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने केला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस ज्या थोर रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र आठवले, ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

आंरी म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रेल्वे कंपनीत साधे नोकर होते आणि आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावीत असे. विश्वविद्यालयात प्रवेश देणारे प्रमाणपत्र न मिळवताच आंरीस शाळा सोडावी लागली. काही काळ त्यांनी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडे उमेदवारी केली, मग पॅरिसमधील एका औषधालयात काम धरले. तेथे सोमलाची विषबाधा झालेल्या एका माणसाचे प्राण त्यांनी वाचविले, असे सांगतात. काम करीत असतानाच अभ्यास करून १८७४ मध्ये ते राहिलेली परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

त्यांनी पुढे जे कार्य अंगावर घेतले, ते जीवावरचे होते. फ्ल्युओरीन हा वायू संयुगांतून सुटा करण्याच्या प्रयत्नात बेल्जियमचे लुये व फ्रान्सचे निक्लेस यांचा मृत्यू ओढवला होता. म्वासाँ यांनी प्लॅटिनमचे पात्र वापरून, त्यातील द्रव अत्यंत थंड राखून, त्यातून वीज खेळविली आणि २६ जून १८८६ रोजी तो वायू प्रथम मोकळा केला. विज्ञान अकादमीचे परीक्षक पाहावयास आले, तेव्हा मात्र प्रयोग फसला. आम्ल अतिशुद्ध केल्याने त्यातून वीज वाहतच नव्हती! दुसऱ्या दिवशी त्यात पोटॅशियमचे लवण मिसळताच प्रयोग यशस्वी झाला.

१८९२ मध्ये त्यांनी आपली विजेची भट्टी अकादमीपुढे मांडली. चुनकळीचे दोन ठोकळे, मध्ये पोकळी, आणि दोन्ही बाजूंनी आत सरकविलेल्या कार्बनच्या दोन कांड्या, एवढीच तिची रचना. कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत धगधगू लागली की उष्णता तीन हजार अंशांच्या पलीकडे जाई आणि चुनासुद्धा वितळू लागे. कार्बनच्या कांड्याही झिजत, जळत, आणि पुनःपुन्हा बदलाव्या लागत. भट्टी तीच राही, पण जी वस्तू अग्नी वाहून आणी, ती स्वतः त्यात खर्ची पडे.

या भट्टीत कृत्रिम हिरा करण्याची त्यांची मनीषा होती. वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळवून ते एकदम थंड केले म्हणजे आतील दाबाने हिरा बनेल, असा त्यांचा तर्क होता. १८९३ मध्ये हिरे मिळाले असे त्यांनी जाहीरही केले, परंतु इतरांना ते त्या रीतीने करता आले नाहीत, आणि आज तो दावा मान्य नाही. मात्र हिऱ्यामागे लागलेल्या या भट्टीने इतर किती तरी पदार्थ दिले. त्यांपैकी कॅल्शियम कार्बाइड आपल्या ओळखीचे आहे. त्यावर पाणी पडताच निघणाऱ्या वायूवर पूर्वी सायकलीचे दिवे जळत. त्याने आंबे पिकविणे मात्र आज कायद्याने निषिद्ध आहे, हे आमच्या पेडण्यातील बागाईतदारांच्या मुलांनी ध्यानात ठेवावे. अमेरिकेत पडलेल्या एका अशनीच्या तुकड्यात त्यांना सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक सापडले. त्या खनिजास १९०५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. त्याच पदार्थाच्या कृत्रिम कांड्या आज मोठ्या विद्युत्-भट्ट्यांत तापविण्यासाठी बसवितात.

आणि तारेचे काय? म्वासाँ यांनी आपल्या भट्टीत क्रोमियम हा धातूही तयार केला होता. १९०६ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांना निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियमच्या गंजाचे पातळ, घट्ट कवच चढते आणि हवेला आत शिरू देत नाही. कवच तडकते, पुन्हा धरते, आणि अखेर एके दिवशी तार हरते. रिकामी भट्टी सावकाश तापविण्याचे कारण हेच की, ते कवच प्रथम नीट धरावे.

त्याच १९०६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक म्वासाँ यांना मिळाले. स्टॉकहोमहून परतल्यावर थोड्याच आठवड्यांत, २० फेब्रुवारी १९०७ रोजी, आंत्रपुच्छाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे चोपन्न वर्षांचे होते. त्यांचा एकुलता एक पुत्र लुई १९१४ मध्ये महायुद्धात कामी आला. घराण्याचा दिवा असा विझला, पण त्यांनी शिकविलेली भट्टी जगभर पेटती राहिली.

विद्यार्थीहो, तुमच्या घरच्या विजेच्या शेगडीची कॉइल जळाली, तर ती जाणत्या माणसाकडूनच बदलून घ्या. मात्र जुनी तार टाकून देण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहा. तिच्यावरील काळपट कवचाने कित्येक दिवस आगीशी झुंज दिलेली आहे.