कै. शेठ वालचंद हिराचंद दोशी

सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली शेठजींचा जन्म झाला. १९१९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी सिंधिया जहाज कंपनी उभारली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. १९२३ साली संचालकांना जाचक करार पत्करावा लागला, परंतु कंपनी परक्यांच्या हाती गेली नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील रावळगावची खडकाळ, पडीक जमीन सावकारी हिशेबाने कवडीमोलच! शेठजींनी तज्ज्ञांकडून मातीची परीक्षा करवून तेथे ऊस पिकविला. १९३३ साली साखर कंपनी स्थापन झाली. १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे देहावसान झाले. २०२४ साली त्या गोळ्यांची केवळ व्यापारचिन्हे व पाककृती रिलायन्स समूहाने २७ कोटी रुपयांना घेतल्या. जमीन व यंत्रसामग्री त्या सौद्यात नव्हती.