तोल सावरणारा पाटील

चालणे ही आपल्याला क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु प्रत्येक पावलागणिक माणूस किंचित पुढे पडत असतो आणि दुसरा पाय टाकून स्वतःला सावरत असतो. साध्या चालीत एकेक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ अधांतरी असतो; म्हणजे बहुतेक काळ सारा भार एकाच पायावर. डोळे, आतला कान आणि तळपायांची जाणीव मिळून हा तोल राखतात. गुडघा अधू झाला की मात्र हिशेब बिघडतो. न वाकणारा पाय कमरेतून उचलून बाहेरून फिरवावा लागतो, दुखरे पाऊल घाईने उचलले जाते आणि चांगल्या पायावर जादा भार येतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यातून भरून काढावी, तसेच हे मला वाटते. अशी तूट जन्मभर भरून काढणारा पुरुष म्हणजे महादजी शिंदे.

अठराव्या शतकात माळव्यातील मराठी सत्ता तिपाईसारखी तीन घराण्यांवर उभी होती : उज्जैनचे शिंदे, इंदूरचे होळकर आणि धार व देवासचे पवार. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ही तिपाई कलंडली. धारचे यशवंतराव पवार रणात पडले. मागे राहिला तो लहानगा खंडेराव. शिंद्यांचे जयाप्पा व दत्ताजी आधीच गेले होते, आता जनकोजी आणि तुकोजीही गेले. महादजी निसटले, पण पाठलाग करणाऱ्या पठाणाने त्यांच्या पायावर घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचविले. जीव वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला.

पुढची वाटही सरळ नव्हती. महादजी राणोजींचे औरस पुत्र नसल्याने सरदारकीचा वाद कित्येक वर्षे चालला; १७६८ मध्ये ती त्यांच्याकडे आली. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढील वर्षारंभी बादशहा शहाआलम तेथे परतला, त्यात महादजींचा मोठा वाटा होता. १७७९ मध्ये वडगावला त्यांनी इंग्रजांना शरण आणले. १७८२ च्या सालबाईच्या तहात तर दोन्ही पक्षांमधील मध्यस्थ तेच होते.

१७८७ मध्ये लालसोटच्या लढाईनंतर त्यांना माघार घ्यावी लागली. परंतु मागे घेतलेले पाऊल म्हणजे पडणे नव्हे. कवायती पलटणी त्यांनी अधिक बळकट केल्या आणि १७८८ मध्ये दिल्ली पुन्हा हाती आली. त्या मोहिमेचा एक प्रमुख सेनानी कोण होता? तोच राणेखान! पखाल वाहणाऱ्या या माणसाला महादजींनी भाऊ मानून मोठ्या पदाला चढविले होते.

बादशहाकडून सर्वोच्च अधिकार मिळूनही महादजी स्वतःला पाटील म्हणवीत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस त्यांचे निधन झाले. तेथे आज शिंद्यांची छत्री आहे.

अधू पायाला काठी लागते, हे त्यांनी ओळखले होते. काठी हाती धरण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही, आणि तोल सावरल्यावर ती फेकूनही दिली नाही.