डॉ. शांतिस्वरूप भटनागर

ज्यांनी भारतात विज्ञानाच्या मोठमोठ्या प्रयोगशाळा उभारल्या, ते शास्त्रज्ञ उर्दूत कविता करीत असत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांचे नाव डॉ. शांतिस्वरूप भटनागर.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. शांतिस्वरूप आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. आई त्यांना घेऊन सिकंदराबादला माहेरी आली. हे सिकंदराबाद हैदराबादजवळचे नव्हे, तर उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातले. मिर्झा गालिबचे शिष्य मुन्शी हरगोपाल तफ्ता याच गावचे. आजोबा इंजिनिअर होते. त्यांची अवजारे हाताळता हाताळता मुलाला यंत्रांचा नाद लागला.

पुढचे शिक्षण लाहोरला झाले. तेथील दयालसिंग ट्रस्टने त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. पण पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी जहाजे भरली होती. भटनागर लंडनलाच अडकले. मग ट्रस्टच्या परवानगीने ते तेथेच शिकले आणि १९२१ साली डी.एस्सी. झाले. भारतात परतल्यावर तीन वर्षे बनारसला व नंतर लाहोरला ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते.

लाहोरला असताना एक गोष्ट घडली. रावळपिंडीजवळ एक कंपनी जमिनीतून तेल काढीत होती. भोक पाडताना त्यात पातळ चिखल सोडतात. दगडाचा चुरा त्याबरोबर वर येतो. पण खाली खारे पाणी लागले की चिखल घट्ट होई आणि काम बंद पडे. लिंबू पिळले की दूध नासते ना, तसेच काहीसे. मिठामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटत. भटनागरांनी उपाय सुचवला : चिखलात डिंक मिसळा. डिंकाचा थर कणांवर बसतो व ते वेगळे राहतात. आपले जुने कातिब काजळाच्या शाईत डिंक घालीत, तेही याच कारणाने!

कंपनी खूश झाली. पेट्रोलियमवरील संशोधनासाठी तिने भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. भटनागरांनी ती स्वतःच्या हाती घेतली नाही, विद्यापीठाला द्यायला लावली. त्यातून विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा वेगळा विभाग सुरू झाला. तरुण विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी मिळाली. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाला त्या पैशाचे मोल माहीत होते, असे मला वाटते.

१९४० साली सरकारने त्यांना बोलावून घेतले. १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिची धुरा त्यांच्याकडे आली. १९४६ साली पत्नी लाजवंती यांचे निधन झाले. भटनागरांच्या उर्दू कवितासंग्रहाचे नावही ‘लाजवंती’ असेच आहे.

स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान नेहरूंच्या पाठिंब्याने त्यांनी झपाट्याने प्रयोगशाळा उभारल्या : दिल्लीला भौतिकशास्त्राची, लखनौला औषधांची, म्हैसूरला अन्नाची, मद्रासला चामड्याची. आपल्या पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. सर्वांना हे पसंत होते असे नाही. सर सी. व्ही. रामन यांनी तर यावर कडक टीका केली. हा पैसा विद्यापीठांना द्यायला हवा होता, असे काही शास्त्रज्ञ म्हणत. तो वाद आजही ऐकू येतो. या धावपळीत भटनागरांचे स्वतःचे संशोधन मात्र मागे पडले.

१ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. परिषदेचे काम चालूच आहे. एम.एस्सी.नंतर संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना ती दरमहा शिष्यवृत्ती देते. त्यासाठी देशभर परीक्षा होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही तिचा अर्ज भरता येतो.