पावट्यातला अडथळा शोधणाऱ्या कमला सोहोनी

बीदर, कलबुर्गी : कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं. सीमाभागातल्या गरिबाच्या ताटात प्रथिनं येतात ती मुख्यतः अशा डाळी-कडधान्यांतून. त्यातलं किती अंगी लागतं, हे प्रयोगशाळेत शोधणाऱ्यांत एक मराठी बाई आघाडीवर होती. तिची वाट मात्र बंगळुरूच्या एका बंद दारापासून सुरू झाली.

कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं मिळवून कमलाबाईंनी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. बाई हटल्या नाहीत, थेट जाऊन जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, सांगितलं तर रात्रीही काम करायचं, पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. अपमान गिळून त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि पुढं इतर मुलींनाही संस्थेचं दार उघडलं.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं. 1939 मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

त्यांनी परदेशात न राहता मायदेशी काम केलं. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. त्याच्या अंगावर एक ठराविक खाच असते, प्रथिन तिथंच अडकतं आणि कापलं जातं. कच्च्या पावट्यातला एक पदार्थ त्याच खाचेत जाऊन बसतो, मग ट्रिप्सिनचं काम थांबतं. हा पदार्थ वेगळा काढून, शुद्ध करून, त्याचे स्फटिक मिळवल्याचं कमलाबाईंनी सहकाऱ्यासह 1955 मध्ये जगापुढं मांडलं. पावटा नीट शिजवला की या पदार्थाचा जोर बराच कमी होतो. घराघरांत कडधान्य भिजवून, मऊ शिजवून खायची रीत आहे, तिच्यामागं हेही शास्त्र आहे.

ताडाच्या ताज्या नीरेचं पोषणमूल्यही त्यांनी तपासलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचं संचालकपद मात्र उशिरानंच वाट्याला आलं. 1966 मध्ये मुंबईत ग्राहक मार्गदर्शक संस्था उभी करणाऱ्या महिलांत त्या होत्या. अन्नातली भेसळ घरी कशी ओळखायची, हे त्यांनी सोप्या भाषेत लिहिलं. 1998 मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं.

त्यांना अटी घालणारी संस्था आज आपल्याच राज्याच्या राजधानीत आहे. बीदर-कलबुर्गीच्या लेकी आता तिथं अर्ज करतात, तेव्हा त्यांना रात्रपाळीची अट कुणी घालत नाही.